न पडलेल्या तांबेऱ्याची गोष्ट



जगाच्या अन्नपुरवठ्यावरील संकटांबद्दल बोला, असे संयोजकांनी कळवले तेव्हा मी त्यांच्याकडून विषय थोडा आवळून घेतला. युद्ध, खत, बंदरे, पाऊस, निर्यातबंदी हे सगळे एका तासात घ्यायचे म्हटले तर प्रत्येकाचे नाव घेऊन पुढे जावे लागेल, हाती काही लागणार नाही. म्हणून आज मी एकाच बुरशीबद्दल बोलणार आहे. ती गव्हावर येते. आपण तिला तांबेरा म्हणतो, काही भागांत गेरवा म्हणतात. माझी उमेदीची वर्षे वनस्पतींचे रोग शिकण्यात आणि शिकवण्यात गेली, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. पण निवडण्याचे कारण वेगळे. माणसे आपल्या अन्नाबद्दल बेफिकीर कशी होतात, हे मला या एका रोगाच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे कुठे दिसत नाही.

समोर बसलेल्यांपैकी ज्यांनी गहू केला आहे, त्यांनी तांबेरा पाहिला असेल. पण बहुतेकांनी पाहिला असेल तो पानावरचा, नारिंगी. तो उत्पन्न कमी करतो. मी बोलतो आहे तो खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याबद्दल. गहू ओंबीवर आला की खोडावर लांबट, विटकरी रंगाचे फोड दिसू लागतात. फोडाची साल फाटून कडेला झालरीसारखी उभी राहते आणि आतून भुकटी बाहेर पडते. बोट फिरवले तर बोट तांबडे होते. रोग बळावलेल्या शेतातून चालत गेलात तर विजार गुडघ्यापर्यंत रंगते. ती भुकटी म्हणजे बीजाणू, आणि एकेका फोडातून ते हजारोंनी सुटतात. रात्री दव पडले आणि दिवसा ऊब मिळाली की प्रत्येक बीजाणू नवे खोड धरू शकतो. दहा-पंधरा दिवसांत तिथे नवा फोड, पुन्हा भुकटी, पुन्हा वारा. दाण्यात जायचा अन्नरस बुरशी वाटेतच खाते, फाटलेल्या सालीतून पाणी उडून जाते, खोड मोडते आणि पीक लोळते. तीन आठवड्यांपूर्वी बांधावरून पाहिलेले भरघोस शेत कापणीला काळ्या काड्यांचा गुंता होऊन पडते. ओंबी चोळली तर हातात सुरकुतलेला, भुशाबरोबर उडून जाईल असा दाणा येतो.

हे आपल्या देशात घडलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नर्मदेच्या खोऱ्यात गव्हाची शेतेच्या शेते तांबेऱ्याने गेली. तिथे अधिकारी असलेल्या स्लीमनने ते आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. लोकांनी त्याचे कारण माणसांच्या पापात शोधले, हेही त्याने नोंदवले. पुढे १९४६-४७ च्या रब्बी हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. सुमारे २० लाख टन गहू गेला असा अंदाज आहे. १९४७ म्हटले की आपल्याला स्वातंत्र्य आठवते, फाळणी आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. पण ज्या देशाने त्या ऑगस्टमध्ये झेंडा फडकवला, त्याच्या कोठारात त्या वर्षी गहू का नव्हता, याचे एक उत्तर ही बुरशी आहे. आपल्या शालेय पुस्तकात तिला एक ओळही मिळालेली नाही.

हा रोग दर वर्षी येतो कुठून, हा प्रश्न करमचंद मेहता या प्राध्यापकाने सोडवला. आग्र्याच्या कॉलेजात ते शिकवत. आपल्याकडे मैदानी प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत जे ऊन पडते, त्यात हे बीजाणू मरून जातात. शेतात गहूही उरलेला नसतो. मग पुढच्या डिसेंबर-जानेवारीत ते हजर कसे? अमेरिकेत आणि युरोपात हा रोग बार्बेरी नावाच्या झुडपावर आसरा घेतो, म्हणून तिकडे लाखो झुडपे उपटून काढली गेली. मेहतांनी वर्षानुवर्षांच्या कामातून दाखवले की भारतात त्या झुडपाचा संबंध नाही. इथे काळा तांबेरा उन्हाळा काढतो तो दक्षिणेतल्या नीलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांत, बिगरहंगामी आणि आपोआप उगवलेल्या गव्हावर. पुढच्या संशोधकांनी उरलेली वाट शोधली. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ झाले की वारे हे बीजाणू उचलून उत्तरेकडे नेतात आणि मध्य भारतावर पावसाच्या थेंबांबरोबर ते खाली उतरतात. शिमल्याला मेहतांनी जिथे या कामाची सुरुवात केली, तिथे आज तांबेऱ्याच्या शंभराहून अधिक जाती जिवंत जपून ठेवल्या आहेत. शत्रू ओळखायचा तर त्याचे नमुने हाताशी हवेत.

या साखळीचा एक दुवा आपल्या घरचा आहे. महाबळेश्वरला गहू तांबेरा संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे. थंड, दमट हवा म्हणून ते तिथे. आपल्यापैकी बहुतेक जण महाबळेश्वरला जाऊन आलेले आहेत. स्ट्रॉबेरी खाल्ली, पॉइंट पाहिले, चणे-फुटाणे आणि मध घेऊन खाली उतरलो. त्याच डोंगरावर काही माणसे गव्हावर मुद्दाम तांबेरा पाडत असतात. चटकन रोगाला बळी पडणारा गहू कडेने लावायचा, त्याच्यावर बीजाणूंची फवारणी करायची, आणि मधल्या ओळींत देशभरातून आलेले नवे वाण उभे करून कोण टिकतो ते पाहायचे. प्रत्येक ओळीपुढे वहीत आकडे पडतात. जो वाण इथे काळवंडतो, तो तुमच्या शेतापर्यंत येत नाही. निफाडला आणि इतरत्र तयार झालेल्या गव्हाच्या वाणांच्या मागे अशा हजारो नापास ओळी आहेत.

आता खपलीकडे येतो, कारण तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात खपली गहू पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला. दाण्याला टरफल घट्ट चिकटलेले, म्हणून तो कांडावा लागतो. खीर करावी तर खपलीचीच, असे तिकडे आजही म्हणतात. मधल्या काळात तो मागे पडला, कारण एकरी उतारा कमी आणि कांडणाचा खटाटोप. अलीकडे मधुमेहाच्या निमित्ताने शहरात महाग विकला जातो. पण या गव्हाची आणखी एक कारकीर्द आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात स्टॅकमन नावाचे शास्त्रज्ञ होते. काळ्या तांबेऱ्याच्या वेगवेगळ्या जाती ओळखायच्या तर त्या कोणत्या गव्हावर पडतात आणि कोणत्यावर पडत नाहीत, हे पाहायला हवे, असे त्यांच्या लक्षात आले. त्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा गव्हांचा संच ठरवला. जगभर तो वापरला गेला. त्या बारांत एक नाव खपली. ती तिथे का, तर बहुतेक तांबेऱ्यांना ती दाद देत नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी खपलीचा त्यांच्या गव्हाशी संकर करून जो वाण काढला त्याचे नाव खपस्टाइन. खपलीतून आलेल्या प्रतिकारक जनुकांपैकी एकाला शास्त्रज्ञ एसआर-१३ म्हणतात. कृष्णाकाठच्या ज्या शेतकऱ्यांनी आणि कांडण करणाऱ्या बायकांनी ते बियाणे शतकानुशतके पेरत-राखत आणले, त्यांची नावे कुठल्याही शोधनिबंधात नाहीत. मी ती सांगू शकत नाही, पण त्यांचे ऋण इथे उच्चारावे असे मला वाटते. अर्ध्या जगाच्या भाकरीला त्यांचा हात लागलेला आहे.

स्टॅकमन यांचे विद्यार्थी नॉर्मन बोरलॉग. १९४४ मध्ये ते मेक्सिकोत गेले ते तांबेऱ्याशी झगडायलाच. बुटका, जास्त उतारा देणारा गहू ही त्यांची जगप्रसिद्ध कामगिरी, पण त्या गव्हाच्या अंगात तांबेऱ्याशी लढणारी जनुके नसती तर हरितक्रांती दोन-तीन हंगामांत करपली असती. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे आणले. आपल्या सभागृहात साठीच्या पुढचे जे आहेत त्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. रेशनवरचा लाल मिलो, दुष्काळी कामावरची सुकडी. त्या पिढीला धान्य म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ताटात टाकलेल्या घासावरून तिने मुलांना रागे भरले, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर काहीतरी होते.

पुढे राय (rye) या तृणधान्यातून गव्हात आणलेले एसआर-३१ हे जनुक हाती आले. मेक्सिकोतून निघालेल्या वाणांबरोबर ते जगभर पसरले. आपल्याकडे १९९५ मध्ये आलेल्या पीबीडब्ल्यू-३४३ या वाणात ते होते. हा गहू इतका चांगला निघाला की उत्तर भारतात एकेकाळी ७० लाख हेक्टरांच्या आसपास तो एकटाच उभा होता. काळा तांबेरा जवळजवळ दिसेनासा झाला. एवढ्या मोठ्या विजयानंतर जे व्हायचे तेच झाले. नव्या विद्यार्थ्यांनी हा विषय घेणे सोडले, कारण ज्या रोगाची साथ येत नाही त्यावर नोकरी कोण देणार? जुने तज्ज्ञ निवृत्त झाले, त्यांच्या जागा दुसऱ्या विषयांकडे वळल्या. अनेक देशांत काळ्या तांबेऱ्याचे काम मूठभर माणसांवर आले.

१९९८ मध्ये युगांडातल्या कालेन्येरे या डोंगराळ भागातल्या संशोधन केंद्रावर विल्यम वागोइरे या संशोधकाला गव्हाच्या खोडांवर काळा तांबेरा दिसला. दिसला तो ज्या वाणांत एसआर-३१ होते त्यांच्यावर. म्हणजे ते कुलूप उघडले होते. पुढच्या वर्षी या जातीची नोंद झाली आणि तिला युजी-९९ हे नाव पडले. युगांडा म्हणजे गहू पिकवणारा मोठा देश नव्हे, म्हणून जगाने फारसे लक्ष दिले नाही. काही वर्षांत ती केनियात आली, २००३ मध्ये इथिओपियात. बोरलॉग तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते. त्यांनी सगळीकडे दारे ठोठावली आणि २००५ मध्ये नैरोबीत परिषद भरवून घेतली. केनियातल्या न्जोरो इथे देशोदेशीचे गहू नेऊन या नव्या जातीपुढे उभे केले गेले. त्यांतले बहुसंख्य कोसळले, भारतातलेही. ही जात पुढे सरकतच राहिली: २००६ मध्ये येमेन. २००७ मध्ये इराण. इराणनंतर पाकिस्तान आणि पंजाब किती लांब आहे, हे नकाशा पाहणाऱ्याला सांगायला नको.

सुदैवाने या वेळी काम झाले. कॉर्नेल विद्यापीठाच्या पुढाकाराने आणि मोठ्या देणग्यांच्या आधारावर अनेक देश एकत्र आले. आपले वाण न्जोरोला जात राहिले, टिकणारे निवडले गेले, त्यांचे बियाणे वाढवले गेले. खपलीचे एसआर-१३ युजी-९९ समोर टिकते हेही दिसले. युजी-९९ आजवर भारतात आढळलेली नाही.

हे शेवटचे वाक्य वर्तमानपत्रात कधी मथळा झाले नाही आणि होणारही नाही. माझा सगळा मुद्दा इथे आहे. लोक अन्नाबद्दल बेफिकीर आहेत ते त्यांना समज नाही म्हणून, असे मी मानत नाही. जे संकट कोणीतरी अडवले, ते आपल्या अनुभवात येत नाही. आणि अनुभवात नाही त्यासाठी पैसा मागायला, माणूस नेमायला कोणी उठत नाही. कामाला यश येते, यशाने काम अनावश्यक वाटू लागते, मग ते बंद पडते. एसआर-३१ च्या तीस वर्षांत हेच घडले. आणि बुरशीला याची वाट पाहावी लागत नाही, ती दर हंगामात बदलतच असते. इथिओपियात २०१० मध्ये पिवळ्या तांबेऱ्याने, म्हणजे याच रोगाच्या आणखी एका प्रकाराने, मोठे नुकसान केले, तेव्हा शेतकऱ्यांनी डिगालू नावाचा वाण धरला. तो पिवळ्या तांबेऱ्याला दाद देत नव्हता, युजी-९९ लाही देत नव्हता. २०१३-१४ मध्ये काळ्या तांबेऱ्याची तिसरीच जात आली आणि बाले व अर्सी या भागांत डिगालूची हजारो हेक्टर शेते झोपवली. आपल्या पीबीडब्ल्यू-३४३ लाही अखेर पिवळ्या तांबेऱ्यानेच गाठले.

एकच वाण सगळीकडे, ही त्यातली मोठी जोखीम. १९७० मध्ये अमेरिकेत हे मक्याच्या बाबतीत झाले. बहुतेक संकरित मक्याची मातृपरंपरा एकच होती, एका करपा रोगाला नेमकी तीच मानवली, आणि एका उन्हाळ्यात देशाचा सुमारे १५ टक्के मका गेला. जगातला सर्वांत संपन्न शेतीचा देश, सगळी साधने हाताशी, तरी पीक शेतात असताना काही करता आले नाही.

बांगलादेश तर आपल्या अंगणात आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत तिथल्या आठ जिल्ह्यांत गव्हाच्या ओंब्या अवेळी पांढऱ्या पडल्या. हा ब्लास्ट, गव्हाचा करपा. १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये पहिल्यांदा दिसलेला आणि तोवर दक्षिण अमेरिकेतच राहिलेला. सुमारे १५ हजार हेक्टरांवर तो पसरला, शेतकऱ्यांनी उभी शेते जाळली. बुरशीची जनुके तपासली तेव्हा ती दक्षिण अमेरिकेतल्या कुळातली निघाली. तांबेरा वाऱ्याने येतो, ब्लास्ट मात्र धान्याच्या व्यापाराबरोबर समुद्र ओलांडून आला असावा. पश्चिम बंगाल सरकारने २०१७ नंतर मुर्शिदाबाद आणि नादिया जिल्ह्यांत गहू पेरण्यावर बंदी घातली, सीमेलगतच्या पट्ट्यातही. एका राज्यात गव्हाचे पीक घेऊ नका असे सरकार सांगते, हजारो शेतकरी ते मानून दुसरे पीक घेतात. मी त्या काळातली मराठी वर्तमानपत्रे नियमित वाचत होतो. माझ्या वाचनात त्यावर एकही अग्रलेख आला नाही. गव्हाचा भाव क्विंटलमागे शंभर रुपयांनी चढला असता तर आला असता.

भाव हे एकच दार आता उरले आहे, ज्यातून शेत आपल्या घरात येते. पूर्वी उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरले जाई. आई-आजी गव्हाचा दाणा हातावर घेऊन पाहत, दाताखाली फोडत, यंदा लोकवन बारीक आहे म्हणत, मग निवडून, ऊन देऊन, एरंडेल चोळून कोठीत भरत. त्या एका आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला हंगाम कसा गेला हे कळे. आज पाच किलो आट्याची पिशवी येते. पिशवीतल्या पिठाला कोणत्या साली पाऊस झाला हे सांगता येत नाही. मी जुन्या काळाचे गोडवे गात नाही, त्या निवडण्या-पाखडण्यात बायकांची कंबर मोडत होती. पण तो संबंध तुटला आणि त्याच्या जागी दुसरा काही आला नाही, हे खरे आहे.

२०२२ चेच पाहा. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले, काळ्या समुद्रातून निघणारा गहू अडला. भारत जगाला गहू पुरवील, अशा घोषणा झाल्या. मार्चमध्ये पंजाब-हरियाणात अवेळी उष्णतेने दाणा बारीक पडला. १३ मे रोजी निर्यातबंदी आली. दोन-अडीच महिन्यांत भरपूर आणि टंचाई ही दोन्ही टोके पाहिली. त्या वर्षी उष्णतेऐवजी काळ्या तांबेऱ्याचा हंगाम असता तर काय झाले असते, याचा हिशेब मला करावासा वाटत नाही.

आणि पहारा पुन्हा सैल होतो आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने युसेड ही आपली मदतसंस्था मोडीत काढली. तिच्या पैशावर अनेक विद्यापीठांत पिकांच्या रोगांवर चाललेल्या प्रयोगशाळा बंद पडल्या. दूरच्या देशाचा अंतर्गत निर्णय म्हणून आपण तो वाचून सोडून दिला. पण इथिओपियाच्या किंवा येमेनच्या शेतात नवी जात कोणी पाहिली नाही, तर ती पहिल्यांदा आपल्याला आपल्याच शेतात दिसेल. आपल्या राज्यातही कृषी विद्यापीठांतल्या अनेक जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. रस्ता खचला तर मोर्चा निघतो. रोगशास्त्रज्ञाची जागा भरा म्हणून मोर्चा निघालेला मी पाहिलेला नाही. तुमच्यात पंचायत समितीचे, जिल्हा परिषदेचे सदस्य बसले आहेत. आमदारांचे निकटवर्तीयही आहेत. पुढच्या अधिवेशनात हा एक प्रश्न विचारला जावा: गहू, ज्वारी, भात यांच्या रोगांवर काम करणाऱ्या मंजूर जागा किती, आणि आज त्यांवर माणसे किती?

जे शेतकरी आहेत त्यांच्यासाठी वेगळी विनंती. यंदा गहू ओंबीवर आला की आठवड्यातून एकदा शेताच्या आत जा, नुसते बांधावरून पाहू नका. खोडावर बोट फिरवा. बोट तांबडे झाले तर औषध मारण्याआधी रोगट पाने आणि खोडाचे चार-पाच तुकडे कापा, सावलीत वाळवा आणि कागदाच्या पाकिटात घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, आत दमटपणा धरून पान कुजते आणि बीजाणू तपासण्यासारखे राहत नाहीत. पाकिटावर गाव, तालुका, वाणाचे नाव आणि तारीख लिहा, आणि ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पोचवा, किंवा थेट महाबळेश्वरला पाठवा. बियाण्याची पिशवी जपून ठेवली असेल तर वाणाचे नाव त्यावरून उतरवा, आठवणीने लिहू नका. तिथे ते पाकीट उघडले जाईल, भुकटी जिवंत गव्हाच्या रोपांवर टाकली जाईल, आणि काही आठवड्यांत समजेल की हा आपला जुना तांबेरा आहे की कोणी नवा आला आहे.